छोट्या गाडीची शर्यत : गट कोणता, इंजिन कोणते?



शर्यत म्हटली की आपल्या वऱ्हाडात आधी शंकरपट आठवतो. पटात पहिल्यांदा जोडी उतरवणारा शेतकरी एकदम मोठ्या बक्षिसामागे लागत नाही. आपल्या बैलांना दात किती, अंगात दम किती, समोरच्या जोड्या कोणत्या, हे तो आधी पाहतो. आदत गोऱ्हा मुरलेल्या बैलासमोर उभा करण्यात शहाणपण नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. आज ज्या शर्यतीविषयी मी बोलणार आहे तिच्यात बैल नाहीत, इंजिन आहे. पण नवख्यापुढचा पहिला प्रश्न तोच आहे. उतरावे कोणत्या गटात, आणि जुंपावे कोणते इंजिन?

ही गाडी म्हणजे गो-कार्ट. १९५६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे लहान इंजिन बसवले, आणि या खेळाचा जन्म झाला. टप नाही, दार नाही, चालक जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेला. आज मोटार-शर्यतीतले बहुतेक नामवंत चालक याच गाडीवर शिकून पुढे गेलेले असतात. मुंबईचा जेहान दारूवाला कार्टिंगपासूनच वर चढला आणि २०२० साली फॉर्म्युला टू या मालिकेतली शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. जऊळक्यासारख्या गावातल्या मुलांनाही हे सारे मोबाईलवर दिसते, आणि ती गुरुजींना विचारतात, “सर, आपल्याला जमेल का हे?” त्या प्रश्नाला हसून टाळू नये, म्हणून हे चार शब्द.

आधी गाडी समजून घेऊ. आपल्या बैलगाडीचे प्रत्येक चाक आसावर स्वतंत्र फिरते. वळणावर बाहेरचे चाक जास्त चालते, आतले कमी, आणि गाडी सुखाने वळते. कार्टची मागची दोन्ही चाके मात्र एकाच आसाला घट्ट बांधलेली असतात. एक फिरले की दुसरे तितकेच फिरणार. ट्रॅक्टरचे डिफ-लॉक दाबून वळायला गेले तर काय होते, हे आपणांस ठाऊकच आहे. मग कार्ट वळते कशी? चालक वळणावर स्टिअरिंग असे टाकतो की सांगाडा किंचित पिळवटतो आणि मागचे आतले चाक क्षणभर उचलले जाते. हे साधले तर गाडी वळणातून धावत निघते; नाही साधले तर घसरत, वेग गमावत निघते. म्हणूनच जाणते लोक सांगतात, की सरळ रस्त्यावर इंजिन पळते, वळणावर माणूस पळतो. नवख्याला शिकायचे आहे ते वळण.

आता इंजिनाकडे येऊ. याचे मुख्य प्रकार दोन, आणि दोन्ही आपल्या गोठ्याशेजारच्या खोलीत सापडतील. विहिरीवरचे डिझेल इंजिन फोर-स्ट्रोक. त्याचा दट्ट्या चार फेरे मारतो तेव्हा एकदा स्फोट होऊन जोर मिळतो. पाठीवर घेऊन फवारणी करण्याचे जे पेट्रोल पंप असतात, त्यांतले पुष्कळसे टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळावे लागते ते हेच. यात दर दोन फेऱ्यांना स्फोट होतो, म्हणून लहान इंजिनातून मोठा जोर निघतो. पण जोर जास्त तशी झीजही जास्त.

भाड्याने मिळणाऱ्या कार्टवर बहुधा फोर-स्ट्रोक इंजिन असते. होंडाच्या ‘जीएक्स’ जातीचे इंजिन त्यात पुष्कळ दिसते. याच जातीची इंजिने पाण्याच्या पंपावरही चालतात. जोर पाच ते बारा अश्वशक्तीच्या आसपास. बिचारे तेल-पाणी वेळेवर दिले की महिनोन्‌महिने कुरकुर करीत नाही. उलट शर्यतीच्या गटांत जगभर प्रसिद्ध असलेले ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे ‘मॅक्स’ इंजिन हे १२५ सी.सी.चे, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे. आपल्या गावातली शंभर सी.सी.ची मोटारसायकल आठ अश्वशक्ती देते. हे देते सुमारे तीस. विहिरीवरचे इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेते; याचे फेरे बारा-चौदा हजारांवर जातात. साहजिकच ठरावीक तासांनी, साधारण पन्नासेक तासांनी, ते उघडून दट्ट्या वगैरे भाग बदलावे लागतात. तो खर्च दरवेळी हजारोंच्या घरात जातो, हे आधीच लक्षात ठेवावे.

गट ठरतात ते वय, इंजिन आणि वजन या तिहींवरून. लहान मुलांचा मायक्रो, मग ज्युनिअर, मग सीनिअर, अशी सर्वसाधारण चढण आहे. वयाच्या नेमक्या सीमा त्या त्या वर्षीच्या नियमपुस्तकात पाहाव्यात. गंमत अशी की रोटॅक्समध्ये ज्युनिअर आणि सीनिअर गटांचे मूळ इंजिन जवळपास एकच असते. ज्युनिअरला जोर वाढवणारी झडप नसते, म्हणून ते तेवीसेक अश्वशक्तीवर थांबते. मुलगा मोठा झाला की त्याच इंजिनात बदल करून पुढे जाता येते. वजनाचा नियम कुस्तीच्या उलट आहे. कुस्तीत अमुक किलोपेक्षा जास्त नको. इथे गाडी आणि चालक मिळून अमुक किलोपेक्षा कमी नको. हलक्या पोराला गाडीवर शिशाच्या लाद्या बांधाव्या लागतात. म्हणजे सडपातळ असल्याचा फुकट फायदा कोणाला मिळत नाही.

या गटांत आणखी एक मोलाची सोय आहे, ती म्हणजे इंजिनाला लावलेले सील. आतला भाग कोणी घासूनपुसून बदलू नये म्हणून अधिकृत ठिकाणीच ते उघडायचे. सगळ्यांची इंजिने सारखी, म्हणजे ज्याची थैली मोठी त्याचेच इंजिन पळेल असे होत नाही. नवख्याने असाच गट धरावा. सहा गिअर असलेल्या, चाळीसहून अधिक अश्वशक्तीच्या गाड्यांचाही एक गट आहे. तो पाहायला सुरेख. पण जोर हाताबाहेरचा असला की चालक वळण शिकत नाही, नुसता गाडीला धरून बसतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा. पहिले वर्ष भाड्याची फोर-स्ट्रोक गाडी. गाडी आपली नाही, दुरुस्ती आपली नाही. लक्ष फक्त वळणावर आणि ब्रेकवर. घड्याळ लावून आपलीच वेळ आपण कमी करीत जावे. वेळ कमी होणे थांबले आणि आवड टिकली, तर मगच सीलबंद इंजिनाच्या गटाचा विचार. तोही असा गट, ज्यात स्पर्धक भरपूर आणि सुटे भाग जवळ. नवी गाडी घेऊ नये, वापरलेली घ्यावी. इंजिनाचे किती तास झाले ते विचारावे. गाडीच्या किमतीइतकाच टायर, पेट्रोल, दुरुस्ती आणि प्रवास यांचा हिशेब मांडावा. मऊ रबराचे टायर फार लवकर झिजतात. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. जऊळक्याहून ते अंतर पाचशे किलोमीटरांहून अधिक आहे. मी स्पष्ट सांगतो, हा खेळ महाग आहे. त्यासाठी एकरभर रानही विकू नये.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी. शर्यतीच्या कार्टला पट्टा नसतो. वर टप नसल्यामुळे उलटलेल्या गाडीखाली बांधले जाण्यापेक्षा बाहेर फेकले जाणे बरे, असा त्यामागचा विचार. म्हणून हेल्मेट, हातमोजे आणि जाड पोशाख यांना पर्याय नाही. दुसरी गोष्ट मोकळे केस आणि ओढणी. मागचा आस उघडा फिरत असतो. त्यात केस अडकून आपल्या देशात जीव गेले आहेत. जत्रेतल्या किंवा बागेतल्या गाडीवर बसतानाही मुलींनी केस बांधून हेल्मेटच्या आत घ्यावेत, आणि चालवणाऱ्याने ते पाहिल्याशिवाय गाडी सोडू नये.

मग गावच्या मुलाने काय करावे? त्याला दोन वाटा आहेत. एक चालकाची, दुसरी कारागिराची. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी स्वतः कार्ट बांधून स्पर्धांना नेतात. आय.टी.आय.मध्ये इंजिन शिकलेल्या पोराला हीच विद्या पोट भरायलाही कामी येते. शाळेतल्या गुरुजींना तर आजही एक प्रयोग करता येईल. बंद पडलेला जुना फवारणी पंप उघडा, दट्ट्या हाताने फिरवा, आणि चार फेऱ्यांचे व दोन फेऱ्यांचे गणित मुलांना दाखवा.

शेवटी एक सांगणे. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि तरण्या पोरांना वेगाची चटक लागली. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोटारसायकल दिली तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो. आणि दंडापेक्षा मोठे नुकसान काय असते, ते ज्या घरावर ओढवले त्यालाच माहीत. वेगाची हौस वाईट नाही. पण तिला शर्यतीचा बंदिस्त रस्ता हवा, अंगावर संरक्षण हवे, आणि आपल्या तोलामोलाचा गट हवा. पोराला हे तिन्ही देता येत नसतील, तर हौस सांभाळून ठेवायला शिकवावे. जो लहान इंजिनावर वळण नीट घ्यायला शिकला, त्याला मोठे इंजिन पुढे केव्हाही झेपेल.