काळ्या भारी जमिनीतील वाफसा

नांदेड व लातूर जिल्ह्यांत, गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांतील भारी काळी जमीन एकदा पुरती भिजली की बैलाचा खूर तीत रुततो. तीच जमीन उन्हाळ्यात कठीण होऊन खोल भेगाळते. या दोन अवस्थांमधील मशागतीस योग्य अशा अल्प काळास शेतकरी 'वाफसा' म्हणतो.

हा काळ इतका अल्प का, याचे उत्तर मातीच्या घडणीत आहे. ही माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली असून तीत चिकणकण पुष्कळदा निम्म्याहून अधिक असतात. त्यांतील प्रमुख खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरले की एका थरापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे १० अँगस्ट्रॉमवरून १५ किंवा त्याहून अधिक होते. माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचे पाणी अत्यंत मंदपणे मुरते. देगलूर-बिलोलीकडे जेथे ग्रॅनाइटपासून बनलेली हलकी जमीन आहे, तेथे ही अडचण इतकी तीव्र नसते.

कोरड्या मातीचे कण एकमेकांस घट्ट धरून असतात. नांगराने तिची ढेकळेच निघतात. ओलावा वाढत जातो तसतशी ही पकड सैल होते. ओलावा आणखी वाढला की फाळ आणि माती यांमधील पाण्याचा पातळ थर मातीस लोखंडाशी जखडतो. मातीची लोखंडावरील पकड तिच्या आपसांतील पकडीपेक्षा अधिक झाली, की माती फाळावरून सुटत नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ ॲटरबर्ग याने ओलाव्यानुसार बदलणाऱ्या अशा अवस्थांच्या मर्यादा १९११ मध्ये मांडल्या. शेतकरी मात्र मूठभर माती दाबून व फोडूनच वाफशाचा निर्णय करीत आला आहे. (काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय द्रव्य, हा समज मात्र बरोबर नाही. ते या जमिनींत बहुधा कमीच आढळते.)

भर पावसाळ्यात शेतात शिरता येत नसल्याने अशी जमीन खरिपात पड ठेवून, पाऊस ओसरल्यावर साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी पेरण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. तीस केवळ जुनाट म्हणणे अन्यायाचे होईल. १९९० नंतरच्या काळात सोयाबीनचा प्रसार झाला आणि तेच शेत जून-जुलैत पेरले जाऊ लागले. त्यामुळे वाफशाची अडचण आता ऐन हंगामात येते. सलग पावसात निंदणी व कोळपणी खोळंबते, आणि तण पिकावर चढते. काढणीच्या वेळी पाऊस लांबला तर यंत्र चिखलात उतरत नाही व शेंगांतील दाणे उभ्या पिकातच कोंब धरतात. ओल्यातच यंत्र घातले तर चाकाखाली माती दाबली जाऊन पुढचा वाफसा अधिकच लांबतो.

रुंद वरंबा व सरी या पद्धतीने जादा पाणी सरीतून वाहून जाते व वरंब्याला वाफसा लवकर येतो. मात्र सरीचा उतार बेताचा हवा, आणि खालच्या बांधाशी पाण्यास वाट ठेवलेली हवी. ती नसेल तर सरीच पाण्याने भरून राहते.