हुलग्याचा दिवस

पहाटे साडेपाच
रात्री लागलेली झड उघडली नाही. लाइटही नाही. धारा काढून होतायत तोवर फोन आला, धरणातून पाणी सोडलंय, भीमा चढतीय. हे आणि भाऊजी नदीवरची मोटार वर ओढायला पळाले. आमचं पारगाव दौंड तालुक्यात, नदीपलीकडं शिरूर. माझं माहेर त्याच शिरूरमध्ये, पण नदीपासून लांब, कान्हूर मेसाईच्या बाजूला.

सात
हुलगे निवडायला घेतले. माहेरचेच. इथं उसाच्या रानात हुलगा कोण पेरणार? त्याला हलका माळ आणि दोन-चार सरी पुरतात. खडेही नेमके त्याच रंगाचे, त्यामुळं उजेडाला, दारात बसून निवडायचं. कोकणात ह्यालाच कुळीथ म्हणतात.

नऊ
गिरणी बंद, म्हणून जातं मांडलं. निम्मे हुलगे खमंग भाजून घेतले, ते माडग्याला. निम्मे तसेच, शेंगोळ्यांना. आत्यांनी खुंटा धरला आणि पाच मिनिटांत सोडलाही.

साडेअकरा
दोघं चिखलानं माखून आले. मोटार वाचली, पण ऊस आडवा झालाय. गुऱ्हाळाचा गूळ पाण्यात उकळत होताच. भाजलेलं पीठ गार पाण्यात कालवून त्यात ओतलं. कोरडं टाकलं की गुठळ्या होतात आणि मग जन्मभर ऐकावं लागतं. वर थोडं दूध. भाऊजींनी दोन वाट्या उभ्यानंच संपवल्या.

चार
आता शेंगोळी. पिठात मूठभर कणीक, हळद, मीठ, लसूण-जिरं-हिरव्या मिरचीचा ठेचा. घट्ट मळायचं, तेलाचा हात लावून करंगळीएवढं वळायचं, टोकं जुळवायची. कढईत तेल तापवून ठेचलेला लसूण लाल केला, तांब्या-दीड तांब्या पाणी ओतलं.

"लसणाला हात आखडू नको गं," आत्या चुलीपाशी सरकत म्हणाल्या.

पाणी खळखळल्याशिवाय शेंगोळं सोडायचं नाही, नाहीतर ते विरघळतं. सगळी सोडल्यावर लगेच ढवळायचंही नाही. अर्धा तास मंद आचेवर. सुटलेल्या पिठानंच रस्सा दाट होतो. हल्ली ह्यात गरम मसाला घालणारे आहेत, मला ते पटत नाही. हुलग्याचा वासच मरतो.

साडेसात
लाइट आली. तोवर सगळ्यांची जेवणं उरकलेली. बाजरीची भाकरी चुरून, वर कच्चं तेल. बोलायला कुणाला सवड नव्हती. आत्यांनी वाटीभर शेंगोळी आधीच सकाळसाठी झाकून ठेवली होती. शिळी जास्त चांगली लागतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून वाटी कुठं ठेवली ते त्या सांगत नाहीत.

आईला फोन लावला. तिकडं दिवसभर नुसती भुरभुर, वढा कोरडाच.

"हुलगे संपले का? अजून दोन पायली ठेवलेत तुझ्यासाठी," म्हणाली.