आघाताने घट्ट होणाऱ्या द्रवांचा मागोवा

ओहोटीच्या वेळी जुहूच्या किंवा वर्सोव्याच्या ओल्या वाळूत पाऊल रोवले की त्याच्याभोवती क्षणभर एक कोरडे वलय उमटते. समुद्रकाठच्या असंख्य माणसांनी पाहून सोडून दिलेल्या या गोष्टीची शास्त्रीय दखल मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली घेतली. घट्ट रचलेल्या कणांना सरकावयाचे असेल तर त्यांना परस्परांपासून किंचित दूर व्हावे लागते, त्यामुळे मधली पोकळी वाढते आणि पृष्ठभागावरचे पाणी तीत उतरते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दाट निलंबन, म्हणजे सूक्ष्म कण ठासून भरलेला द्रव, सावकाश ढवळले तर वाहते, पण जोराने आघात केला तर घट्ट का होते, या कोड्याचा निवाडा व्हावयास मात्र पुढे शतकाहून अधिक काळ लागला. १९७२ साली हॉफमन यांनी प्रकाशाच्या विवर्तनाने दाखविले की, मंद गतीने थरांची शिस्त पाळून वाहणाऱ्या कणांची ती शिस्त एका मर्यादेपलीकडे मोडते आणि श्यानता एकाएकी वाढते. ब्रॅडी व बॉसिस यांनी १९८५ साली संगणकीय प्रतिरूपांतून कणांचे पुंजके दाखविले व द्रवाच्या जोराने ते बांधले जातात असे प्रतिपादन केले.

प्रत्यक्ष आघाताची हकीकत उघड झाली ती २०१२ साली. शिकागोच्या वैटुकायटिस व येगर यांनी कॉर्नफ्लोअर आणि पाण्याच्या मिश्रणात धातूचा दांडा वेगाने आदळवून, अतिवेगवान कॅमेरा व क्ष-किरण यांच्या साहाय्याने आतील घडामोड टिपली. दांड्याखाली घनासारखा एक भाग क्षणार्धात तयार होतो, तो झपाट्याने खाली व बाजूंना पसरतो, भोवतालचे मिश्रण आपल्यासोबत ओढतो, आणि ओढलेल्या त्या वस्तुमानावरच आघाताचा वेग खर्ची पडतो. अशा मिश्रणाने भरलेल्या हौदावरून माणूस धावत जाऊ शकतो, पण उभा राहिला तर बुडतो, याचे कारण हेच.

उरलेला दुवा २०१३ व २०१४ साली सांधला गेला. सेटो, मारी, मॉरिस व डेन यांनी, आणि पाठोपाठ व्यार व केट्स यांनी दाखविले की, ताण कमी असता परस्पर-प्रतिकर्षण कणांना वेगळे ठेवते, आणि ताण वाढताच ते एकमेकांना भिडून घर्षणाने अडकतात. तत्पूर्वीच, २००३ साली, डेलावेअरच्या वॅग्नर व सहकाऱ्यांनी सिलिकाकणांचे असेच निलंबन केव्हलर कापडात मुरवून त्याची गोळीविरोधी क्षमता वाढविली होती. उपयोग असा उपपत्तीच्या पुढे धावला.

उपनगरांच्या कुशीत, पवई येथे १९५८ साली स्थापन झालेल्या आयआयटीत याच कुळातील प्रश्नांवर काम झालेले आहे: देवांग खाखर यांचे कणमय पदार्थांच्या प्रवाहावरील आणि महेश तिरुमकुदुलू यांचे वाळणाऱ्या कलिली थरांतील भेगांवरील संशोधन त्याची साक्ष देते. परंतु विज्ञानाचे हे दालन केवळ संस्थांच्या आवारात बंद राहू नये. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील शाळांतील शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये सुमारे एक वाटी पाणी हळूहळू मिसळावे, मुलांना त्यात प्रथम बोट सावकाश बुडवू द्यावे, मग मूठ आपटू द्यावी, आणि कारण लगेच न सांगता त्यांना विचार करण्यास पुरेसा अवधी द्यावा.