यंत्राच्या पोटात : रॅम भरते तेव्हा

बारावीचा निकाल लागला की देवणीसारख्या तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्रांवर झुंबड उडते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन क्रिमीलेयर. प्रत्येकाला आजच हवे. टेबलावरचा संगणक बहुधा 4 जीबी रॅमचा. त्यावर ब्राउझरच्या दहा-बारा टॅब, स्कॅन केलेल्या कागदांच्या पीडीएफ, मागे अँटिव्हायरस. मध्येच माउसचा बाण जागच्या जागी थिजतो आणि कुणीतरी म्हणते, "सर्व्हर डाउन आहे." कधी कधी ते खरेही असते. पण कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत असेल, तर आधी समोरच्या यंत्राकडेच बघावे. त्याची रॅम भरलेली असण्याची शक्यता मोठी.

ऑपरेटिंग सिस्टिम रॅमची सहसा 4 केबीची पाने पाडते. 4 जीबीत अशी दहा लाखांहून जास्त पाने बसतात. जागा कमी पडू लागली की बराच वेळ कुणी हात न लावलेली पाने डिस्कवर राखून ठेवलेल्या भागात हलवली जातात. लिनक्समध्ये या भागाला स्वॅप म्हणतात, विंडोजमध्ये तेच काम पेजफाइल करते. प्रोग्रॅमला यातले काहीच कळत नाही. त्याने हलवलेले पान मागितले की तो क्षणभर थांबवला जातो, पान परत आणले जाते आणि काम पुढे चालू.

ही सोय सुरुवातीपासून नव्हती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेला टिफ्रॅक संगणक 1960 मध्ये कामाला लागला. त्याची स्मृती 40 बिटांच्या 2048 शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम 10 केबी. त्या काळी प्रोग्रॅम स्मृतीत मावला नाही तर त्याचे तुकडे पाडायचे काम लिहिणाऱ्याच्याच गळ्यात पडे. 1962 मध्ये मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकात टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांनी ते ओझे यंत्रावर टाकले. छोटी चुंबकीय स्मृती आणि फिरता ड्रम मिळून एकच मोठी स्मृती असल्यासारखे प्रोग्रॅमला भासू लागले.

मात्र स्वॅप म्हणजे रॅम नव्हे.

रॅममधले पान मिळायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या हार्ड डिस्कला तेवढ्यासाठी सेकंदाचा शंभरावा. फरक लाखपटीचा. चालू कामाला लागणारी पानेच रॅममध्ये मावेनाशी झाली, की एक आत आणावे तर दुसरे बाहेर काढावे लागते, आणि लगेच तेच दुसरे हवे असते. प्रोसेसर नुसता वाट पाहत बसतो. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी 1968 मध्ये त्याचे कारण नेमके मांडले. अशा वेळी चालू कामांची संख्या कमी करणे हा एक उपाय. सेवा केंद्रातही बटण पुन्हापुन्हा दाबण्यापेक्षा चार टॅब बंद करणे केव्हाही बरे.

"स्वॅप बंद करा, मशीन पळेल," असा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. प्रोग्रॅमचा मूळ कोड डिस्कवर असतोच, त्यामुळे त्याची पाने रॅममधून खुशाल पुसता येतात. स्वॅप नसेल तर तासन्‌तास न वापरलेली माहिती रॅममध्ये अडून राहते, आणि पुसला जातो तो चालू प्रोग्रॅमचा कोड. पुढच्या क्षणी तोच पुन्हा वाचावा लागतो. म्हणजे थ्रॅशिंग टळत नाहीच. शेवटी लिनक्सचा ओओएम किलर पुढे येतो आणि बहुधा सर्वांत जास्त रॅम खाणारा प्रोग्रॅम मारून टाकतो. अर्धा भरलेला अर्ज ज्या ब्राउझरमध्ये आहे, नेमका तोच.

पैसे थोडेच असतील तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. एसएसडी पान शंभरपट लवकर आणते. रॅम 8 जीबी करता आली तर त्याहून उत्तम.

फोनची तऱ्हा निराळी. अँड्रॉइडवर निवांत पाने दाबून लहान केली जातात आणि रॅममध्येच ठेवली जातात. या सोयीचे नाव झेडरॅम. तेवढ्यानेही भागले नाही तर मागे गेलेले अ‍ॅप बंद केले जाते. बांधावर उभे राहून फॉर्म भरताना फोटोसाठी कॅमेरा उघडावा आणि परत येऊन पाहावे तो फॉर्म कोरा, हा प्रकार कमी रॅमच्या फोनवर होतो तो यामुळेच. अशा फोनवर फॉर्म उघडण्याआधी बाकीची अ‍ॅप बंद करावीत, आणि जतन करण्याची सोय असेल तर कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी भरलेले जतन करून घ्यावे.