विहारात भरते पोटुशींची पंगत

"सिस्टर, तुमची लाल गोळी खायला लागले आन् परळीचं थर्मल माझ्याच पोटात सुरू झालं. नुसता कोळसा!"

सिरसाळ्याच्या विहारात पाचव्या महिन्यातली एक सून असं म्हणाली आणि सतरंजीवर बसलेल्या सगळ्या पोट धरून हसल्या. लोहाच्या गोळीनं शौच काळं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आतडं सडलं असं वाटून तिनं पंधरा दिवसांच्या गोळ्या डाळीच्या डब्यात दडवल्या होत्या. तिचं ऐकून शेजारची म्हणाली, "माझ्या पत्र्याच्या आढ्याला खोचल्यात." तिसरीनं तर गोळ्या शेळीला घातल्या होत्या. शेळी म्हणे अंगानं भरली!

आम्ही दवाखान्याच्या नोकरीत होतो तेव्हा रोज विचारायचो, "गोळ्या घेता का?" सगळ्या मान हलवून "व्हय" म्हणायच्या आणि आम्ही कार्डावर खूण करायचो. एका हसण्यानं जेवढं खरं बाहेर आलं, तेवढं आमच्या कित्येक वर्षांच्या विचारण्यानं आलं नव्हतं.

ही बैठक दर पौर्णिमेला वंदना झाली की दुपारी भरते. आठ-दहा पोटुशी, दोन-तीन लेकुरवाळ्या, आणि कोपऱ्यात एक-दोन सासवा. बाया तिला गमतीनं पोटुशींची पंगत म्हणतात, कारण प्रत्येकीनं घरून काहीतरी खायला आणायचं आणि मध्ये ठेवायचं. भाकरी, तांदळजाची भाजी, शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं. एकदा एकीनं सुक्या बोंबलाची चटणी आणली, तर ती तोंडाशी धरताच दुसरी मोरीकडे पळाली. तेव्हापासून बोंबील दाराबाहेर ठेवायचा, ज्यांना चालतो त्यांनी बाहेर जाऊन खायचा, असा नियम झालाय.

आपल्या ताटाबद्दल एक सांगायचं राहू नये. वस्तीतल्या कितीतरी शिकलेल्या सुनांना काळीज, वजडी, रक्ती खातो हे सांगायची लाज वाटते. लोकांनी आपल्या खाण्याला नावं ठेवली ती आपल्या मनात मुरली. पण रक्त वाढवणारं लोह अंगी लागतं ते अशाच खाण्यातून सगळ्यात जास्त. पोटुशीनं काळीज रोज खाऊ नये, पंधरवड्यातून एखाद्या वेळी थोडं, नीट शिजवलेलं खावं. बाकी दिवस अंडी, मासळी, डाळ, पालेभाजी, बाजरी. गोळीबरोबर मात्र चहा नको. चहा लोह अडवतो. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी त्याच घोटात गिळू नये, दोघींत दोन तासांचं अंतर ठेवावं. "जावाजावांसारखं हाय म्हणा की," एक म्हणाली, "एका चुलीवर जमत न्हाई." हे आम्ही आता प्रत्येक ठिकाणी असंच सांगतो.

डोहाळ्यांवर बैठकीत सगळ्यात जास्त हसू होतं. एका सासूनं सांगितलं, "मी भिंत लिंपती, ही मागून खाती. दिवाळीपर्यंत घर उरतंय का बघा." सून लाजून खाली बघत होती. हसून झाल्यावर आम्ही तिच्या पापणीचा आतला भाग पाहिला तर पांढरा फटक. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, राख खावीशी वाटणं म्हणजे पुष्कळदा रक्त कमी असल्याची खूण असते. तपासल्यावर हिमोग्लोबिन आठच्या आत निघालं. गरोदरपणात ते अकराच्या वर असायला हवं, सातच्या खाली गेलं तर बाळंतपणात थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो. म्हणून गरोदरपणी रोज एक अशा १८० गोळ्या, आणि बाळंत झाल्यावर पुन्हा १८०. आता ती सासू सुनेच्या गोळ्या स्वतः मोजते.

आमच्या भागात बायका हसत-रडत मन मोकळं करत आल्या त्या जात्यावर. माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींच्या बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या, त्या आज जगभर ऐकल्या जातात. जातं गेलं, गिरणी आली. पीठ दहा मिनिटांत मिळतं, पण दोघी समोरासमोर तासभर बसत होत्या ते गेलं. पोटुशी सून मग मोबाईल बघत एकटीच घाबरत बसते.

पंगत सुरू कशी झाली, तर वर्षावासात. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालू होतं. सुरुवातीलाच महामाया येते. दिवस भरत आल्यावर ती बाळंतपणासाठी माहेरी, देवदहाला निघते, पण वाटेतच लुंबिनीच्या वनात शालवृक्षाखाली सिद्धार्थाचा जन्म होतो. वाचन थांबलं तशी तीन लेकरांची एक आई बोलली. तिचं दुसरं बाळ सांगलीकडं कोपीत जन्मलं होतं. "राणीला बी माहेर गाठता आलं न्हाई म्हणा की. पण तिला पालखी तरी व्हती, मला उसाची ट्रॉली." सगळं विहार हसलं. पुढचं पान वाचलं आणि हसू थांबलं. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया आजारी पडून गेली.

त्या दिवशी आम्ही नर्स म्हणून काही सांगितलं आणि बाया पहिल्यांदाच पदर सावरून नीट ऐकत बसल्या. बाळ झालं की घरचे पेढे वाटायला लागतात, आईकडे कोणाचं लक्ष नसतं, आणि बाईच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका त्याच दिवसांत असतो. पहिले काही तास आणि पहिला आठवडा. घडी तासाभरात भिजून गेली, ताप आला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर बाळंतिणीला शेक-शेगडी करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. दवाखान्यातून पहिल्या ४८ तासांत घाईनं घरी यायचं नाही. घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायलाच हव्यात. आली नाही तर बोलवा, तो आपला हक्क आहे. महामायेजवळ महाप्रजापती गौतमी होती म्हणून बाळ तरी वाढलं. आपल्या पोरींना आईही हवी आणि मावशीही हवी.

हसण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण त्यात आम्हीही चुकलो. गेल्या वर्षी आठव्या महिन्यातली एक पंगतीला आली. पाय सुजलेले. कोणीतरी म्हणालं, "पाय हायेत का भोपळं?" ती स्वतःही हसली. "बांगड्या बी रुतल्यात, आता सासरचं सोनं निघत न्हाई, चोरीचं भ्या न्हाई." आम्हीही हसलो. पोटुशीचे पाय संध्याकाळी सुजतातच, म्हणून सोडून दिलं. पंगत उठता उठता ती सहज म्हणाली, कालपासून डोकं दुखतंय, सुईत दोरा ओवताना दोन-दोन सुया दिसत्यात. तेव्हा कुठं आमचं डोकं ताळ्यावर आलं. यंत्र लावलं तर रक्तदाब १६० आणि ११०. १४० आणि ९० च्या वर गेला तरी धोका समजतात. पायांबरोबर हात आणि तोंड सुजलं, वर डोकेदुखी आणि दिसण्यात फरक, म्हणजे आकडीची पूर्वसूचना. १०८ ला फोन लावला आणि तिला अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात नेलं. आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात, ते वेळेत मिळालं. बाळ लवकर काढावं लागलं, कमी वजनाचं, पण आज दोघं घरी आहेत.

तिची चुलत सासू वाटेत सारखी म्हणत होती, बाहेरचं झालंय, लिंबू उतरवा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालतं, हे बोलायला हवं. गरोदर बाईची आकडी हा रक्तदाबाचा आजार आहे, लिंबानं तो उतरत नाही. तेव्हापासून पंगतीत आधी रक्तदाब, मग चेष्टा, असा क्रम लावलाय.

आता आमचीच एक गोष्ट. प्रसूतिकक्षात कळा देणारी बाई ओरडली की तिला काय काय ऐकवलं जातं, ते वस्तीतल्या प्रत्येकीला पाठ आहे. नवऱ्याजवळ जाताना ओरडली नाहीस, आता कशाला ओरडतेस, हे त्यातलं सगळ्यात सभ्य. आम्ही नवीन असताना ते ऐकलं, नंतर रात्रपाळीत चिडून आम्हीही तसंच बोललो. कधी थापडही मारली. वस्तीच्या नावावरून, आडनावावरून आवाज चढतो हेही आम्ही पाहिलंय. पंगतीत हे कबूल केलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "म्हणून तर आमी घरी बाळंत व्हायचो, सिस्टर. सुईणीचा हात खरबुडा व्हता, पण जीभ मऊ व्हती." याला आमच्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर नाही, पण एक उपाय आहे. कळा चालू असताना सोबत एक बाई ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ साली सरकारी दवाखान्यांत परवानगी दिलेली आहे. ती शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी. जवळचं माणूस सतत पाठीवरून हात फिरवत बसलं तर कळांचा वेळ कमी होतो आणि सिझरची वेळही कमी येते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलंय. शिवाय चौथं माणूस समोर असलं की खोलीतली जीभही सांभाळून चालते. म्हणून आमच्या पंगतीत सातव्या महिन्यातच ठरतं की कोणाबरोबर कोण जाणार. एकीनं आईऐवजी जाऊबाईला निवडलं. विचारलं तर म्हणाली, "आई रडती, जाऊ हसवती." त्या जावेनं कळांमध्ये तिला सगळ्या गल्लीच्या नकला करून दाखवल्या म्हणे. दवाखान्यातली सिस्टरसुद्धा हसली.

डोहाळजेवणाचंही असंच. पंचशील झालं की हिरवी साडी, फुलं, फोटो, सगळं हौसेनं होतं. फक्त दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी ठेवून मुलगा की मुलगी ओळखायचा खेळ आम्ही बंद केला. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ज्या जिल्ह्यात असं झालं, तिथं तो खेळ आम्हाला गोड लागत नाही. आता एका वाटीखाली लाडू आणि दुसरीखाली लोहाची गोळी असते. लाडू निघाला तर खायचा, गोळी निघाली तर सगळ्यांसमोर गिळायची.

आणि ऊस. परळी-माजलगावच्या पट्ट्यातली वस्ती ऑक्टोबरनंतर निम्मी रिकामी होते. नवराबायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर, म्हणून पोटुशीलाही जावं लागतं. गेल्या हंगामाआधी ग्रहणाची चर्चा निघाली होती. पोटुशीनं ग्रहणात विळीला हात लावायचा नाही, बाळाचा ओठ फाटतो, असं एकजण म्हणाली. त्यावर सातव्या महिन्यातली दुसरी म्हणाली, "मग मुकादमाला सांग की, कोयता बी चालत न्हाई म्हणावं. त्या दिवसाचा खाडा तेवढा कापू नको." ग्रहणाची भीती त्या एका वाक्यानं गेली, पण खाड्याची राहिलीच. याच खाड्यापायी किती जणींनी गर्भपिशवी काढून घेतली! २०१९ च्या पाहणीत जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यातल्या बायांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेच्या बाजूनं भाषण केलं, आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षं होत आली. कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्या बाईला मात्र कारखाना आपली कामगार मानत नाही, ती टोळीची, मुकादमाची. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार, आणि दवाखान्यात बाळंत झालेल्या अनुसूचित जातीच्या ग्रामीण बाईला जननी सुरक्षेचे ७०० रुपये मिळतात. ते सोडू नका, आधार आणि बँकेचं खातं आधीच जोडून ठेवा. पण उचलीपुढं ते किती, हे आम्ही बायांना सांगायची गरज नाही.

यंदा पंगतीतल्या चौघींचे दिवस हंगामात भरतात. दोघी थांबणार आहेत, एकीच्या जागी दीर कोयत्यावर जातोय. दोघींना जावंच लागतंय. त्यांच्यासाठी माता-बाल कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलंय, तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून दिल्यात, आणि टोळीतल्या एका लेकुरवाळीला सोबतीण म्हणून आताच कबूल करून घेतलंय. १०८ चा नंबर कर्नाटकातही लागतो हे नवऱ्यांकडून पाठ करून घेतलं. मोळी डोक्यावर घ्यायची नाही, बांधायच्या कामावर राहायचं, हे मुकादमाशी बोलायला वस्तीतली चार वडीलधारी माणसं जाणार आहेत. जिथं टोळी उतरेल तिथल्या सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला पोटुशींची मोफत तपासणी असते. त्या दिवशी खाडा पडला तरी जायचं, असं दोघींच्या नवऱ्यांनी विहारात सगळ्यांसमोर सांगितलंय.

पुढची पंगत अश्विन पौर्णिमेला, वर्षावासाच्या समारोपानंतर दुपारी तीन वाजता. येताना कार्ड आणा, ताट आणा, आणि सासूबाईंना आणा. बोंबील बाहेर.