घर बांधायचंय? आधी डिस्चार्ज बुक शोधा

पंधरा-सतरा वर्षं फौजेत काढून धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला परतलेल्या माणसाची ओळख गल्लीत कुणाला सांगावी लागत नाही. घरासाठी कर्ज किंवा सवलत मागायला गेल्यावर मात्र सांगावी लागते, तीही कागदावर.

पहिला कागद डिस्चार्ज बुक. नोकरी किती वर्षं झाली याइतकंच महत्त्व त्यातल्या सेवामुक्तीच्या कारणाला असतं. पेन्शनवर निवृत्त झालेला, वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेला किंवा कराराची मुदत संपवून ग्रॅच्युइटी घेतलेला जवान माजी सैनिक ठरतो. पेन्शन लागू होण्याआधीच स्वतःहून नोकरी सोडलेला ठरत नाही. पुस्तक पाहून धुळ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ओळखपत्र देतं, आणि पुढचे बहुतेक दरवाजे त्यावरच उघडतात.

सीआरपीएफ किंवा सीमा सुरक्षा दलातला पोरगाही गावाच्या लेखी ‘मिलिटरीत’च असतो. पण ही दलं गृह मंत्रालयाची. त्यांच्या निवृत्तांना २०१२ साली वेगळा दर्जा मिळाला. सैनिक कल्याणच्या यादीत ते बसत नाहीत.

अमेरिकेत १९४४च्या कायद्यापासून सरकार माजी सैनिकाच्या घरकर्जाची हमी घेतं. पात्रतेचा दाखला असला की अनेकदा पदरचा पैसा न घालता घर होतं. आपल्याकडे अशी सरसकट हमी नाही. बँक पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, आणि वय पाहते. मग जागेकडे वळते. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, आणि तेवढ्यावर कर्ज द्यायला बऱ्याच बँका कचरतात. माणूस पात्र, जागा अपात्र!

केंद्रीय सैनिक बोर्ड घरकर्जाचं निम्मं व्याज ठरावीक मर्यादेपर्यंत परत करतं खरं, पण ते युद्धात अपंग झालेल्यांना, वीरपत्नींना आणि शांतताकाळात सेवेमुळेच बळी गेलेल्यांच्या कुटुंबांना. इथे ‘सेवेमुळेच’ हे सिद्ध व्हावं लागतं. मृत्यू किंवा इजा कर्तव्याशी जोडलेली होती, अशी लष्कराच्या दप्तरी नोंद नसेल तर गावाने दिलेला मान कामी येत नाही.

विधवांची अडचण बहुधा नावातच असते. लग्नानंतर सासरी नाव बदललं, आधारवर नवं आलं, पीपीओत जुनंच राहिलं. दुरुस्ती नवऱ्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमधून होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. नवरा हयात असतानाच ही नोंद जुळवून घेतलेली बरी.

घर बांधण्याऐवजी घ्यायचंच असेल तर म्हाडा आहे. धुळे जिल्हा नाशिक मंडळात येतो. सोडतीत माजी सैनिकांना ५ टक्के आणि लढाईत शहीद, जखमी वा बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांना २ टक्के घरं राखीव असतात. २०२३ पासून कागदांची छाननी सोडतीआधीच होते, त्यामुळे नंबर लागल्यावर ओळखपत्राची धावपळ करून भागत नाही.

२०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांचं गणित निराळंच. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला सेवानिधी मिळतो. पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही.