जुनी आलिशान गाडी: आधी ब्रेक, मग ऐट

सिंगापूरमध्ये घर घेताना आपण मराठी माणसे दहा वेळा विचार करतो. गाडीच्या बाबतीत मात्र शनिवारी पाहिली आणि रविवारी इसार दिला, असेही घडते. दोन मुले, वर्षातून तीन-चार महिने राहायला येणारे आई-वडील किंवा सासू-सासरे आणि शाळेच्या सुटीत मलाक्का-गेंटिंगची सहल, एवढा संसार मावायला सात आसनांची उंच एसयूव्ही सोयीची वाटते. नवी घेणे आवाक्याबाहेर असते. मग आठ-दहा वर्षे वापरलेली, पण नामांकित कंपनीची गाडी डोळ्यांत भरते.

मी व्यवसायाने यांत्रिकी अभियंता. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या पंगतीत हमखास कोणीतरी विचारते, "एक गाडी बघून ठेवली आहे, जरा नजर टाकाल का?" पुढचे प्रश्न किंमत, इंजिन आणि चामड्याच्या सीटांबद्दल असतात. "ब्रेकचे काय? या गाडीवर एखादे रिकॉल बाकी आहे का?" असे मात्र क्वचितच कोणी विचारते. म्हणून हा लेख.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

येथे 1990 सालापासून गाडीबरोबर सीओई, म्हणजे गाडी बाळगण्याचा दहा वर्षांचा परवाना, घ्यावा लागतो. ऑक्टोबर 2023 मध्ये मोठ्या गाड्यांच्या सीओईचा भाव दीड लाख डॉलरच्या घरात गेला होता. दहा वर्षे संपल्यावर गाडी मोडीत काढायची, नाहीतर ठरलेला प्रीमियम भरून परवाना पाच किंवा दहा वर्षांनी वाढवायचा. परवाना वाढवला की मोडीच्या वेळी मिळणारी पार्फची सवलत जाते आणि दहा वर्षांवरील गाडीला रोड टॅक्सही जादा बसतो.

या हिशेबामुळे दोन-चार वर्षांचा सीओई उरलेली महागडी गाडी "वर्षाला अमुक इतकीच पडते" असे सांगून विकली जाते. हे गणित खोटे नसते, पण अपुरे असते. मूळ अडीच-तीन लाख डॉलरची गाडी पन्नास हजारांना मिळाली, तरी तिच्या डिस्क, कॅलिपर आणि ब्रेक बूस्टर तीन लाखांच्या गाडीचेच राहतात. सुट्या भागांना गाडीचे वय कळत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

ब्रेक बिघडतात ते कसे?

पायाने पेडल दाबले की बूस्टर त्या जोराला कित्येक पटींनी वाढवतो. मास्टर सिलिंडर तो जोर ब्रेक ऑइलमार्फत चारी चाकांकडे पोचवतो आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. गाडीची सगळी गती शेवटी उष्णतेत बदलते. सात माणसे बसलेल्या सव्वादोन-अडीच टनांच्या एसयूव्हीला थांबवताना साध्या मोटारीच्या दुपटीच्या आसपास उष्णता तयार होते. म्हणून अशा गाडीचे पॅड आणि डिस्क लवकर झिजतात.

दुसरा शत्रू पाणी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि सिंगापूरच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. डॉट-4 प्रकारचे ताजे ऑइल किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पण जोर पुढे पोचवत नाही. पेडल मऊ होऊन तळाला जाते आणि गाडी मात्र चालतच राहते. म्हणून सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. मागच्या मालकाने ते बदलले होते का, याची नोंद मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

नावाजलेल्या कंपन्याही सुटल्या नाहीत

रिकॉल म्हणजे सुरक्षेचा दोष आढळल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून मोफत दुरुस्त करणे. ब्रेकसाठी झालेली काही मोठी रिकॉल पाहा.

ऑक्टोबर 2010 मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे 15 लाख 30 हजार टोयोटा आणि लेक्सस गाड्या बोलावल्या. विशिष्ट घटक नसलेले ब्रेक ऑइल घातल्यास मास्टर सिलिंडरचे रबरी सील कोरडे पडून मुडपत होते आणि ऑइल हळूहळू गळत होते. मार्च 2016 मध्ये फोक्सवॅगन टुआरेग आणि पोर्शे कायेन मिळून सुमारे आठ लाख गाड्या बोलावल्या गेल्या, कारण पेडलच्या जोडणीतली एक छोटी क्लिप सैल असण्याची शक्यता होती.

जून 2022 मध्ये मर्सिडीजने 2004 ते 2015 या काळात बनलेल्या एमएल, जीएल आणि आर-क्लास मालिकांतल्या जवळजवळ दहा लाख गाड्या बोलावल्या. बूस्टरवरच्या रबरी आवरणाखाली ओल साचून गंज चढत होता. गंज फार वाढला असेल, तर जोरात ब्रेक मारताना पेडल आणि ब्रेक यांचा संबंधच तुटण्याचा धोका होता. तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका, असे कंपनीने मालकांना कळवले.

नव्या गाड्याही याला अपवाद नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये बीएमडब्ल्यूने बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेल्या इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणेमुळे सुमारे पंधरा लाख गाड्यांबाबत कारवाई जाहीर केली. त्यांत एक्स-5 आणि एक्स-7 सुद्धा होत्या.

या कंपन्या वाईट आहेत असा याचा अर्थ नव्हे. दोष जाहीर करणारी कंपनी दोष लपवणाऱ्या कंपनीपेक्षा केव्हाही बरी. प्रश्न एवढाच आहे की, आपण घेत असलेल्या नेमक्या गाडीची ती दुरुस्ती झाली आहे की नाही?

"तपासणीत पास आहे ना?"

विक्रेत्याचे हे ठरलेले उत्तर. येथे तीन ते दहा वर्षांच्या मोटारींची दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी तपासणी होते. ती उपयुक्तच आहे. रोलरवर चाके फिरवून ब्रेकची पकड मोजतात आणि गाडी खालूनही पाहतात. पण ही तपासणी त्या दिवसाची पकड सांगते. रबरी आवरणाखालचा गंज किंवा ऑइलमध्ये मुरलेले पाणी ती दाखवीलच असे नाही. रक्तदाब ठीक आला म्हणून कोणी रक्ततपासणी टाळत नाही, तसेच हे आहे.

मोफत दुरुस्तीची खरी किंमत

आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाने तीन वर्षांपूर्वी अशी वापरलेली एसयूव्ही घेतली. रिकॉलचे पत्र आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेले होते. यांना ते कळले सर्व्हिसिंगच्या वेळी, गाडी घेऊन पाच महिने झाल्यावर. त्या पाच महिन्यांत आजी-आजोबा आणि नातवंडे त्याच गाडीतून दोनदा मलेशियाला जाऊन आली होती. वर्कशॉपने तपासून सांगितले, "भाग बदलावा लागेल, तोवर चालवू नका." भाग परदेशातून यायचा होता. गाडी अकरा आठवडे उभी राहिली. दुरुस्तीला एक पैसाही पडला नाही, पण कर्जाचा हप्ता, विमा, रोड टॅक्स आणि पार्किंग चालूच होते. शिवाय टॅक्सीचे भाडे वेगळे.

उशीर होण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. लाखो गाड्या एकदम बोलावल्या की तेवढे भाग तयार नसतात. कधी आधी फक्त तपासणी होते आणि भाग नंतर येतो. पत्र नोंदणीतल्या मालकाला जाते, त्यामुळे गाडी हात बदलत असेल तर ते मधेच हरवते. गाडी अधिकृत एजंटाऐवजी समांतर आयातदाराने आणलेली असेल, तर दुरुस्ती कोणाकडे करायची येथपासून चौकशी सुरू होते.

म्हणून गाडीचे अंदाजपत्रक करताना "उभ्या गाडीचा खर्च" हा रकाना अवश्य ठेवा. समजा हप्ता 1,100 डॉलर आणि विमा, टॅक्स, पार्किंग मिळून 500 डॉलर. म्हणजे न वापरलेल्या गाडीवर महिना 1,600 डॉलर आणि तीन महिन्यांत 4,800. एवढी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही असे समजावे.

इसार देण्यापूर्वी

1. चेसिस नंबर लिहून घ्या. रिकॉल मालकाच्या नावाला नव्हे, या नंबराला चिकटलेले असते. नंबर देण्यास टाळाटाळ झाली तर नमस्कार करून निघावे.

2. तो नंबर घेऊन अधिकृत एजंटाकडे विचारा: कोणती रिकॉल होती, कोणती पूर्ण झाली, बाकी असल्यास भाग केव्हा येईल? एलटीएच्या वन मोटरिंग संकेतस्थळावरही रिकॉलची माहिती पाहावी. उत्तर लेखी घ्या.

3. गाडी समांतर आयात असेल तर आयातदाराचे नाव विचारा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाड्यांचा नंबर नेहमीच्या 17 अक्षरांच्या नंबरापेक्षा वेगळा असतो. परदेशी संकेतस्थळावर तो सापडला नाही, म्हणजे रिकॉल नाही असे समजू नये.

4. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या वर्कशॉपमध्ये गाडी उचलून तपासा. पॅड आणि डिस्कची जाडी, होजच्या भेगा, ऑइलमधले पाणी आणि बूस्टर पाहायला सांगा. या तपासणीचे पैसे वाचवू नयेत.

5. "रिकॉल बाकी असल्यास ते पूर्ण करून गाडी देऊ" हे वाक्य करारात लिहून घ्या. तोंडी शब्दाला नंतर साक्षीदार मिळत नाही.

6. सप्टेंबर 2012 पासून लागू झालेला लेमन लॉ वापरलेल्या गाड्यांनाही लागू आहे. ताबा मिळाल्यापासून सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असे धरले जाते आणि तसे नव्हते हे सिद्ध करणे विक्रेत्याचे काम असते. मात्र गाडी विक्रेत्या कंपनीऐवजी खाजगी व्यक्तीकडून घेतल्यास हे संरक्षण मिळत नाही. तक्रार असल्यास ग्राहक संघटना केस किंवा स्मॉल क्लेम्स ट्रिब्युनल येथे दाद मागता येते. ट्रिब्युनलची मर्यादा 20,000 डॉलर आहे, दोन्ही पक्षांची संमती असल्यास 30,000.

पेडल काय सांगते?

पेडल मऊ लागले तर ऑइलमध्ये हवा, पाणी किंवा गळती. दगडासारखे कडक लागले तर बूस्टरचा दोष. दाबताना फुसफुस आवाज आला तरी संशय बूस्टरवरच. गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर अडकला असावा. जुन्या पद्धतीच्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बूस्टरसाठी एक सोपी चाचणी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक झाले की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. न गेल्यास त्याच दिवशी वर्कशॉप गाठा.

गेंटिंगहून उतरताना खंडाळ्याचा घाट आठवावा. ज्या गियरमध्ये चढलो त्याच गियरमध्ये उतरायचे हा आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम ऑटोमॅटिक गाडीलाही लागू आहे. खालचा गियर निवडा आणि ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. ब्रेक दगा देऊ लागला तर इंजिन बंद करू नका. पेडल मऊ असेल तर भराभर पंप करा. कडक असेल तर पंप न करता सगळ्या ताकदीने दाबून धरा. गियर खाली आणा, पार्किंग ब्रेक लावा आणि धोक्याचे दिवे चालू करून कडेला या.

वाचकहो, चांगली गाडी घ्यावी, हौसेने फिरावे, त्यात वावगे काही नाही. मात्र मागच्या सीटवर आपली मुले आणि म्हातारी माणसे आपल्या भरवशावर निर्धास्त झोपलेली असतात. तो भरवसा बॉनेटवरच्या चिन्हावर न ठेवता चेसिस नंबर आणि लेखी उत्तर यांवर ठेवावा. तुमच्या दारात आज जी गाडी उभी आहे तिचाही नंबर याच आठवड्यात विचारून घ्या. चौकशीला पैसे पडत नाहीत.